प्राग की व्हिएन्ना? सहा रात्री, तीन पिढ्या आणि आईंचे गुडघे

आपण विचारले आहे ते थोडक्यात असे. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा या काळात, पुण्याहून आपण पाच जण निघणार आहात: आपण दोघे, 11 वर्षांची मुलगी, 72 वर्षांचे वडील आणि गुडघेदुखीचा त्रास असलेल्या 68 वर्षांच्या आई. हाताशी सहा रात्री आहेत. घर शाकाहारी आहे, पण अंडे चालते. चेक प्रजासत्ताकाची राजधानी प्राग आणि ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना यांपैकी एकच शहर निवडायचे आहे. मित्रमंडळींचे मत असे की प्राग म्हणजे परीकथेतले गाव आणि व्हिएन्ना म्हणजे नुसते राजवाडे.

माझे उत्तर व्हिएन्ना असे आहे. मात्र हाच प्रश्न आपण दोघांनीच मे महिन्यासाठी विचारला असता, तर मी फारसा विचार न करता प्राग सांगितले असते. अनेक वर्षे कुटुंबांच्या सहली आखताना माझे असे मत झाले आहे की, या दोन शहरांत सुंदर कोणते हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही सुंदर आहेत. विचारायचे ते हे की शहराचे सौंदर्य नेमके कुठे ठेवलेले आहे आणि तिथपर्यंत पोहोचायला आपल्या मंडळींना काय करावे लागेल. प्रागचे वैभव रस्त्यावर आहे, तर व्हिएन्नाचे बहुतांशी दारांच्या आत. बाकीचे सगळे मुद्दे, म्हणजे हवामान, गुडघे, खर्च आणि मुलीचा कंटाळा, याच एका फरकातून निघतात.

प्रागबद्दल आधी, कारण आपल्या मित्रांचे म्हणणे खोटे नाही. दुसऱ्या महायुद्धात मध्य युरोपातील अनेक शहरे बेचिराख झाली. काही हवाई हल्ले सोडले तर प्राग बऱ्याच अंशी वाचले, आणि त्यामुळे गॉथिक मनोऱ्याशेजारी बरोक चर्च व त्याला लागून विसाव्या शतकाच्या आरंभीची नक्षीदार इमारत असे दृश्य तिथे गल्लोगल्ली दिसते. सम्राट चार्ल्स चौथ्याने 1357 मध्ये पायाभरणी केलेला चार्ल्स पूल, त्यावरचे 30 पुतळे (यांतले बरेच आता प्रतिकृती आहेत), पलीकडच्या टेकडीवरचा किल्ला आणि त्यात 1344 मध्ये सुरू होऊन 1929 मध्ये पूर्ण झालेले सेंट व्हायटस कॅथेड्रल, हे सर्व पाहण्याची रीत एकच, ती म्हणजे चालणे. तिकीट काढून आत जाण्याजोगी ठिकाणे तिथेही आहेत; पण प्रागला गेलेला माणूस परत येऊन जे सांगतो ते सहसा आतल्या गोष्टींबद्दल नसते. ते असते पहाटेच्या पुलाबद्दल, व्लतावा नदीबद्दल आणि वाट चुकून सापडलेल्या एखाद्या चौकाबद्दल.

आता आईंच्या बाजूने पाहा. जुन्या शहरात पायांखाली दगडी चौकोनी तुकड्यांची फरसबंदी आहे. बूट चांगले असले तरी तिच्यावर पाऊल कधीच पूर्ण सपाट पडत नाही, आणि दुखऱ्या गुडघ्याला पायऱ्यांपेक्षाही हा सततचा हेलकावा जास्त जाणवतो. सूटकेसच्या चाकांचेही तेच होते. किल्ला टेकडीवर आहे. 22 क्रमांकाच्या ट्रामने वर जाऊन तो उताराने पाहत खाली यावे, ही युक्ती मी प्रत्येकाला सांगतो आणि ती उपयोगी पडते. परंतु उतारही गुडघ्यांना सुखाचा नसतो. मेट्रो उत्तम आहे, पण खोल आहे. नामेस्ती मिरू स्थानकाचा सरकता जिना सुमारे 87 मीटर लांब असून प्रागमधले असे जिने आपल्याकडच्या मॉलमधल्या जिन्यांपेक्षा बऱ्यापैकी वेगाने धावतात, आणि त्यावर पाऊल टाकताना वयस्कर माणसे बिचकतात. बऱ्याच स्थानकांत लिफ्ट आहेत, सगळ्यांत नाहीत.

त्यात महिना आड येतो. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, आणि त्यानंतर या दोन्ही शहरांत दुपारी साडेचार-पावणेपाचला सूर्य मावळतो. तापमान बहुधा एक आकडी असते, आभाळ भरून येते, बारीक पाऊस लागतो. ज्या शहराचे सगळे भांडवल रस्त्यावर आहे, तिथे दुपारी पाचला अंधार होणे ही मोठी तूट आहे. धुक्यातले प्राग तरुण जोडप्याला आवडते, छायाचित्रकाराला तर फारच आवडते. पण 72 वर्षांच्या वडिलांना टोपी-मफलर गुंडाळून त्या धुक्यात रोज तीन तास उभे करण्यात काय शहाणपण आहे?

एक उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. जुन्या नगरभवनाच्या भिंतीवर 1410 सालचे खगोलीय घड्याळ आहे. दर तासाला तिथे गर्दी जमते. ठोका जवळ आला की वरच्या दोन खिडक्या उघडतात, आत प्रेषितांच्या आकृत्या एकामागून एक सरकतात, बाजूचा हाडांचा सापळा दोरी ओढतो, शेवटी कोंबडा आरवतो आणि सगळे एका मिनिटाच्या आत आटोपते. त्यासाठी लोक वीस मिनिटे आधीपासून माना वर करून उभे असतात, आणि सगळ्यांच्या माना वर असल्यामुळे खिसेकापूंचेही तिथे चांगले चालते. आपल्या मुलीला ते नक्की आवडेल. आई-वडील मात्र मागे बसायला जागा शोधत राहतील, आणि प्रागच्या सहलीत हेच चित्र दिवसातून चार-पाच वेळा उभे राहते.

व्हिएन्नाची गोष्ट वेगळी आहे. सम्राट फ्रान्झ योझेफ याने 1857 च्या डिसेंबरमध्ये शहराची तटबंदी पाडण्याचा हुकूम काढला आणि त्या मोकळ्या पट्ट्यात रिंगस्ट्रासे हा सुमारे पाच किलोमीटरचा रुंद रस्ता उभा राहिला. ऑपेरा, संसद, नगरभवन, विद्यापीठ, दोन मोठी संग्रहालये, सारे याच रस्त्यावर ओळीने आहे. मित्र म्हणतात तसे यातले बरेचसे बाहेरून भव्य आणि थोडे एकसुरी वाटते, हे मला मान्य आहे. एका दिवसाच्या धावत्या सहलीत व्हिएन्ना पाहणाऱ्याला ते कंटाळवाणे वाटले तर त्यात नवल नाही, कारण त्याने फक्त भिंती पाहिलेल्या असतात. सहा रात्री असणाऱ्याला दारे उघडायला सवड मिळते. शिवाय रस्ता सपाट आहे, पदपथ गुळगुळीत आहेत, ट्रामच्या नव्या डब्यांत चढताना पाऊल जेमतेम उचलावे लागते आणि मेट्रोच्या प्रत्येक स्थानकात लिफ्ट आहे. ट्राम 1 आणि 2 यांनी, मध्ये एकदा बदलून, पूर्ण रिंग बसल्या जागी पाहता येते. पहिल्याच दुपारी, विमानाचा शीण असताना, हाच कार्यक्रम ठेवावा.

मग आत काय आहे? माझ्या मते व्हिएन्नाला जाण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे 1891 मध्ये उघडलेले कला-इतिहास संग्रहालय, आणि त्यातले ब्रॉयगेलचे दालन. पीटर ब्रॉयगेल थोरला याच्या चित्रांचा जगातला सर्वांत मोठा संग्रह इथे आहे. बर्फातून परतणारे शिकारी, बाबेलचा मनोरा, गावातली लग्नाची पंगत, ही चित्रे पाहायला युरोपीय कलेचा अभ्यास लागत नाही. पंगतीच्या चित्रात दोन वाढपी एका फळीवरून ताटल्या नेत आहेत, खाली एक लहान मूल बोटे चाटत बसले आहे, बाजूला उभा वादक जेवणाकडे आशाळभूतपणे पाहतो आहे. लग्नघरात वावरलेल्या कोणालाही हे चित्र वाचता येते. आणि आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे की संग्रहालयाच्या दालनांत मध्यभागी गादीचे प्रशस्त सोफे आहेत. आई-वडिलांनी तिथे बसून चित्रे पाहावीत आणि आपण फिरावे. पाहणे आणि विश्रांती एकाच वेळी घडते अशी सोय प्रवासात क्वचित मिळते.

समोरच अगदी तशीच दिसणारी निसर्ग-इतिहास संग्रहालयाची इमारत आहे. तिथे डायनासोर, उल्कापाषाण आणि 1908 मध्ये सापडलेली, जेमतेम 11 सेंटिमीटर उंचीची, सुमारे 30,000 वर्षांपूर्वीची ‘व्हिलेनडॉर्फची व्हीनस’ ही मूर्ती आहे. मुलीला यातले डायनासोर आवडतील यात शंका नाही. पण त्या इवल्या मूर्तीसमोर तिला जरा थांबवा. ऑस्ट्रियाच्या केंद्रीय संग्रहालयांत 19 वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो, त्यामुळे तिला एखाद्या ठिकाणी अर्ध्या तासात कंटाळा आला तरी तिकीट वाया गेल्याची हळहळ नाही. वर्षाच्या बहुतेक काळात पहिले संग्रहालय सोमवारी आणि दुसरे मंगळवारी बंद असते, म्हणून वार पाहून दिवस लावावेत.

शोनब्रुन राजवाड्यात 1441 खोल्या आहेत. त्यांतल्या चाळीसेक दाखवल्या जातात आणि तेवढ्या पुरे होतात. इथल्याच आरसेमहालात सहा वर्षांच्या मोझार्टने 1762 मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा हिच्यापुढे वादन केले होते. राजवाड्यात मुलांसाठी वेगळे संग्रहालय असून तिथे जुन्या दरबारी पोशाखात मिरवता येते, आणि त्याच आवारात 1752 मध्ये स्थापन झालेले, आजही चालू असलेल्यांपैकी जगातले सर्वांत जुने प्राणिसंग्रहालय आहे. राजवाड्याची तिकिटे वेळेनुसार मिळतात, ती घरूनच काढावीत आणि सकाळची पहिली वेळ घ्यावी. मागच्या टेकडीवरच्या ग्लोरिएट या वास्तूपर्यंत आईंनी चढू नये. खालच्या बागेतली बाकेच बरी.

संगीताबद्दल एक सावधगिरी आणि एक शिफारस. सेंट स्टीफन कॅथेड्रलच्या आसपास पांढरे केसांचे टोप आणि लाल झगे घातलेली मुले मोझार्टच्या मैफलींची तिकिटे विकत असतात. त्या मैफली पर्यटकांसाठी बेतलेल्या असतात आणि किमतीच्या मानाने माझ्या मते सुमार असतात. त्याऐवजी 1869 मध्ये उघडलेल्या राज्य ऑपेरातली उभ्याने पाहण्याची स्वस्त तिकिटे घ्यावीत. ऑपेराचा हंगाम सप्टेंबर ते जून असतो, त्यामुळे आपले दिवस बरोबर त्यात बसतात. उभ्याच्या जागेत लोखंडी कठडा असतो. जागा धरून ठेवण्यासाठी लोक त्याला मफलर बांधून ठेवतात आणि बिनधास्त बाहेर जातात, तो मफलर कोणी सोडत नाही. प्रत्येकापुढे छोट्या पडद्यावर गाण्याचा अर्थ इंग्रजीतही उमटतो. हे आपण दोघांनी आलटून-पालटून मुलीला घेऊन करावे, आणि पहिल्या अंकानंतर ती कंटाळली तर खुशाल बाहेर पडावे. आई-वडिलांसाठी रविवारची सकाळ चांगली: हंगामात सव्वानऊच्या सुमारास होफबुर्ग राजवाड्यातील प्रार्थनागृहात व्हिएन्ना बॉइज कॉयर या मुलांच्या गायनवृंदाचे गायन मिसाच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी होते, आणि बसण्याची तिकिटे आधी काढता येतात.

जेवणाचा प्रश्न दोन्हीकडे सुटतो, मात्र दोन्हीकडे डोळे उघडे ठेवावे लागतात. व्हिएन्नातले पातळ, निवळ सूप बहुधा गोमांसाच्या पाण्यात केलेले असते. त्यात वरून नुसत्या धिरड्याच्या पट्ट्या दिसल्या म्हणून ते शाकाहारी समजू नये. रस्त्यावरच्या टपरीवर केझेक्रायनर नावाचा जो पदार्थ मिळतो त्यात चीज असते खरे, पण ते मांसाच्या सॉसेजमध्ये भरलेले असते. केझश्पेट्झल हा चीज आणि परतलेला कांदा घातलेला पिठाच्या गोळ्यांचा पदार्थ, भाज्यांचा स्ट्रुडेल (पातळ पारीत सारण गुंडाळून भाजलेला पदार्थ), गोडात सफरचंदाचा स्ट्रुडेल आणि काइझरश्मार्न (अंडे घातलेल्या गोड धिरड्याचे तुकडे), एवढ्यावर चार दिवस निघतात. मागवताना बेकन नको हे मात्र सांगावे. मग एक दिवस भारतीय उपाहारगृहात जावे. प्रागमध्येही चीज तळून देतात, बटाट्याची लसूण घातलेली धिरडी मिळतात आणि वजनावर जेवण देणारे शाकाहारी ढाबेसुद्धा आहेत; या बाबतीत प्राग अजिबात मागे नाही. तरीही दोन्हींपैकी कुठेही गेलात तरी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घ्यावे असे मी सुचवेन, कारण 72 वर्षांच्या माणसाला सहाव्या दिवशी वरणभातासारखे दुसरे काही नसते. व्हिएन्नात रविवारी आणि 1 नोव्हेंबरला दुकाने बंद असतात हे लक्षात ठेवून आदल्या दिवशीच दूध-भाजी भरून ठेवावी. अगदी अडलेच तर मुख्य रेल्वे स्थानकातले सुपरमार्केट उघडे सापडते. पाणी विकत घेऊ नये. 1873 पासून या शहराला आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी नळाने येते आणि ते बाटलीतल्या पाण्यापेक्षा चांगले लागते.

घर निवडताना लिफ्ट आहे का एवढेच विचारून थांबू नका. व्हिएन्नातल्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर अर्धा उंच मजला, मग मेझानिन म्हणजे मधला मजला, आणि त्यानंतर ‘पहिला’ मजला सुरू होतो. म्हणजे कागदावरचा पहिला मजला पायांना तिसरा पडू शकतो. रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत, हा प्रश्न घरमालकाला लेखी विचारावा. चौथ्या, सहाव्या किंवा सातव्या विभागात मेट्रोच्या जवळ घर मिळाले तर उत्तम.

खर्चाच्या बाबतीत प्राग स्वस्त हे अजूनही खरे आहे, विशेषतः राहणे आणि बाहेरचे जेवण. जुन्या चौकाच्या अगदी आसपास मात्र तो फरक बराच कमी झाला आहे. तिथे 15 वर्षांखालील मुलांना शहरातील वाहतूक मोफत आहे. पण तिथे युरो नाही, कोरुना आहे, आणि पर्यटकांच्या वाटेवरच्या पैसे बदलून देणाऱ्या दुकानांची ख्याती चांगली नाही. 2019 पासून ठरावीक मर्यादेतला असा व्यवहार तीन तासांच्या आत रद्द करून घेण्याचा हक्क ग्राहकाला कायद्याने मिळाला आहे, यावरूनच तक्रारी किती असतील याचा अंदाज यावा. कार्डाने पैसे द्यावेत आणि यंत्राने रुपयांत हिशेब करू का असे विचारले तर नको म्हणावे. व्हिएन्नात तिकिटे महाग, कॉफीही महाग. परंतु कॉफीगृहात एक मेलांज, म्हणजे दुधाची कॉफी, मागवली की छोट्या तबकात पाण्याच्या ग्लासासह ती येते, आणि पुढचा दीड तास आपल्याला कोणी उठवत नाही. दर तासाला बसण्याची जागा लागणाऱ्या कुटुंबाने हा खर्च कॉफीचा न धरता बैठकीचा धरावा.

दोन्ही शहरे सहा रात्रींत उरकावीत का, असे बरेच जण विचारतात, आणि आपल्याही मनात ते आले असेल. रेल्वेने हे अंतर साधारण चार तासांचे आहे, म्हणून मोह होतो. पण बांधाबांध, घर सोडणे, नव्या घराची किल्ली मिळेपर्यंतचा वेळ धरला तर एक अख्खा दिवस जातो, आणि आई-वडील सोबत असताना दुसऱ्या दिवसाचा पूर्वार्धही जातो. नऊ रात्री असत्या तर मी आधी प्राग चार, मग व्हिएन्ना पाच अशी विभागणी केली असती, आणि तीही याच क्रमाने, कारण चालण्याचे शहर पाय ताजे असताना पाहावे. विमानाचे तिकीट मग एका शहरात उतरून दुसऱ्यातून परतण्याचे काढायचे. मुंबईहून आखाती शहरांत विमान बदलून जाणाऱ्यांना ते सहसा सोयीचे पडते. सहा रात्रींत मात्र व्हिएन्नातच राहावे आणि एखादा दिवस बाहेर काढावा. ब्रातिस्लावा रेल्वेने तासाभरावर आहे, पण तिथे पुन्हा दगडी गल्ल्याच आहेत. त्यापेक्षा मी सेमरिंगला जायला सांगेन. कार्ल फॉन गेगा या अभियंत्याने बांधलेला हा डोंगरी लोहमार्ग 1854 मध्ये पुरा झाला, म्हणजे आपल्या भोर घाटातली गाडी सुरू होण्याच्या नऊ वर्षे आधी. ग्लोगनिट्स ते म्यूर्त्सुशलाग या 41 किलोमीटरच्या टप्प्यात 16 मोठे दगडी पूल लागतात, त्यांतले काही दुमजली कमानींचे आहेत. व्हिएन्नाहून सुमारे दीड तासात सेमरिंगला पोहोचता येते, सगळे खिडकीतून दिसते आणि आईंना एकही पायरी जास्तीची चढावी लागत नाही. खंडाळ्याच्या घाटातून आयुष्यभर ये-जा केलेल्या वडिलांना तर हा दिवस संग्रहालयांपेक्षाही आवडण्याची शक्यता आहे.

व्हिसाबाबत एवढेच. दोन्ही देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहेत आणि ज्या देशात जास्त रात्री राहणार, त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो. म्हणून शहर आधी ठरवावे आणि मगच अर्जाची वेळ घ्यावी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि नियमाने किमान 15 दिवस आधी करावा लागतो. दिवाळीसाठी जुलै-ऑगस्टमध्येच वेळ घेतलेली बरी. जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आणि 6 वर्षे पूर्ण झालेल्या पण 12 पूर्ण न झालेल्या मुलांना 45 युरो शुल्क आहे, तेव्हा मुलीचा वाढदिवस कधी येतो तेही पाहून ठेवा. प्रवास विमा किमान 30,000 युरोंचा लागतो. वडिलांना रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर आधीपासूनच्या आजारांवर तो विमा काय देतो हे पॉलिसीच्या कागदात शोधून वाचावे, आणि औषधांसोबत डॉक्टरांची इंग्रजीत टंकलिखित चिठ्ठी हातातल्या सामानातच ठेवावी.